रामनवमीचा पडाव

१

कॅसेटची डबी टेबलावर उघडी पडली होती आणि तिच्यात काही नव्हते. डबीवर वळणदार अक्षरात लिहिले होते: 'तुळजाबाई, शिरतर बंदर'.

"चोरी," प्राध्यापक श्रीनिवास घैसास म्हणाले. "चोर कोण, तेही मला माहीत आहे. खांबेटे, आपण फक्त सिद्ध करायचं."

पोलिसांतून निवृत्त झालेल्या माणसाला पुण्यात लोक फुकटात काय काय करायला लावतात, याची मला आता सवय झाली आहे. नारायण पेठेतून सदाशिव पेठेत चालत यायचे, अर्धा कप चहा प्यायचा आणि यजमानांनी आधीच ठरवून ठेवलेला गुन्हेगार त्यांना पकडून द्यायचा. मी म्हणालो, "चोर माहीत आहे तर मला कशाला बोलावलंत? शेजारचे जोशीही चालले असते."

घैसासांना थट्टा कळत नाही. "जोशी बोलतात फार," ते गंभीरपणे म्हणाले.

शिरतर हे कोकणातले एक मेलेले बंदर. एके काळी मुंबईहून आगबोट यायची ती खाडीच्या तोंडाबाहेर उभी राहायची, कारण आत गाळ. मग पडाव नावाच्या मोठ्या होड्या उतारूंना बोटीपर्यंत नेत आणि आणत. उतारू धक्क्यावर पाय ठेवायचे आणि बैलगाडीने, पुढे एसटीने, घाट चढून पुण्याला यायचे. मग खाडीवर पूल झाला, घाटाचा रस्ता रुंद झाला, आगबोट बंद पडली आणि निम्मे शिरतर पुण्यात राहायला आले. घैसासांनी या बंदराचा आणि त्याच्या वाटांचा इतिहास लिहिला आहे. पुस्तक चांगले आहे. मी वाचले आहे.

त्यातले एक पान मात्र वाचवत नाही. १९५६ सालच्या रामनवमीला, बोटीकडे निघालेला एक पडाव खाडीच्या तोंडाशी उलटला. बायकामुले बुडाली. पडावाचा तांडेल, म्हणजे सुकाणूवरचा मुख्य, दादामियाँ होडेकर. त्याचा स्वतःचा मुलगा अमीन त्यातच गेला. घैसासांनी पानाखाली एकच वाक्य दिले आहे, अपघातातून वाचलेल्या तुळजाबाई कोळणीच्या तोंडचे: 'तांडेल भांगेत निघाला, दुसरे काय होणार?'

या एका वाक्यावर दादामियाँचा निकाल लागला. भांग पिऊन ज्याने स्वतःचा मुलगा बुडवला तो तांडेल, अशीच त्याची पुण्यातल्या शिरतरकरांत ओळख. म्हातारा आता कसबा पेठेत मुलीकडे अंथरुणाला खिळून आहे.

"गुरुवारी त्याची मुलगी आली होती," घैसास सांगू लागले. "नसीमबानू. उर्दू शाळेत शिकवते. म्हणाली, तुळजाबाई आता हयात नाही, पण तिचा आवाज आमच्या अब्बांना एकदा ऐकवा. मी म्हटलं, ऐकवतो. कॅसेटमध्ये वेगळं काही निघालं तर दुसऱ्या आवृत्तीतून ते वाक्य काढून टाकतो, हेही कबूल केलं. माणसाने न्यायी असावं. मग फोन आला म्हणून मी आत गेलो. बाई या खोलीत एकटीच होती. आज रविवारी म्हाताऱ्याला आणायचं ठरलेलं, आणि सकाळी बघतो तर डबी रिकामी."

"कॅसेटवर आवाज स्पष्ट होता?"

"आवाज लख्ख. भाषा मात्र विचारू नका." घैसासांचा चेहरा खुलला. "ती बाई 'भांगात' म्हणते. 'भांगात निघाला'. आता भांग स्त्रीलिंगी, तेव्हा 'भांगेत' हवं. असली शेकडो रूपं मी दुरुस्त केली. तशीच छापली असती तर लोकांनी माझ्या तोंडात शेण घातलं असतं."

श्यामलावहिनी चहा घेऊन आल्या. घैसासांना दोन झटके येऊन गेले आहेत, त्यामुळे बशीत त्यांच्या गोळ्याही होत्या. "भाऊजी, यांना जास्त बोलायला लावू नका," त्या हळूच म्हणाल्या. "सकाळी तरतरी असते, दुपारनंतर सुकती लागते."

"सुकती?"

"ओहोटी हो. माहेरचा शब्द. वडील बंदरावर कस्टममध्ये होते ना."

घैसासांनी कपाळाला आठी घातली. बायकोचे माहेरचे शब्द त्यांना पुण्यात चालत नसावेत.

"रामनवमीला शिरतर मंडळात दुसऱ्या आवृत्तीचं प्रकाशन आहे," ते मला दारात म्हणाले. "सत्कारही आहे. तोवर कॅसेट मिळाली नाही तर मी त्या बाईच्या शाळेत जाऊन सांगणार, की तुमची शिक्षिका चोर आहे."

मागल्या चौकात बायडाबाई भांडी घासत होती. बंबातली राख चिमटीत धरून ती एकटीच बडबडत होती. "राखंत काय काय टाकत्यात द्येव जानं. हे बगा सायेब, बारकं बारकं स्क्रू. पातेल्याला चरे पडलं तर बोलणी मलाच."

मी ऐकले आणि बाहेर पडलो. माझे लक्ष त्या शाळेच्या धमकीकडे होते.

२

घैसासांची संशोधन-साहाय्यक उल्का सबनीस मला ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर भेटली. हुशार मुलगी, पण सरांचे नाव घेताना आवाज खाली यायचा.

"मी ती कॅसेट एकदाच ऐकली," ती म्हणाली. "सर स्वतःच ऐकून थेट मजकूर सांगायचे."

"त्या वाक्याच्या आधी तुळजाबाई काय म्हणाली होती?"

ती आठवू लागली. "'तो नाय म्हणत होता. एजंटाने त्याला घरातनं काढला.' असं काहीतरी. बोटीचा एजंट तांडेलाच्या घरी गेला होता."

"मग हे पुस्तकात का नाही?"

"सर म्हणाले, नशेत घरी पडला असणार, म्हणून काढावा लागला. एकाच गोष्टीची दोन वाक्यं कशाला, चांगलं ते ठेवलं."

चांगलं ते ठेवलं! मला त्या वेळी सुद्धा हे पटले नाही. नशेत पडलेला माणूस 'नाही' म्हणत बसत नाही. त्याला हाताला धरून नेले तर तो जातो. पण हा नुसता माझा तर्क होता.

"नसीमबानूंना कॅसेट ऐकवायचं ठरलं तेव्हा घरात कोण कोण होतं?"

"सर, मी आणि श्यामलाताई. ताई एवढंच म्हणाल्या, की म्हाताऱ्या माणसाला जिना चढायला लावू नका, नाहीतरी काय ऐकायचंय त्यात. फार मायाळू आहेत हो त्या."

"टेबलाच्या खणाला कुलूप?"

"नसतं. त्या घरात कोण चोरी करणार?"

"तुम्हाला काय वाटतं, नसीमबानूंनी घेतली असेल?"

उल्काने आजूबाजूला पाहिले. मग म्हणाली, "मी त्यांच्या जागी असते तर घेतली असती. घेतली असती आणि जाळली असती."

३

कसबा पेठेतल्या त्या बोळात माणूस शिरला की दोन्ही खांदे भिंतींना लागतात. नसीमबानूंचे घर पहिल्या मजल्यावर. दार उघडेच होते. आत खाटेवर उशांना टेकून एक रुंद हाडापेराचा म्हातारा बसला होता आणि समोरच्या भिंतीकडे बघत होता. खिडकीतून बघण्यासारखे काहीच नव्हते, समोर दुसरी भिंत.

नसीमबानूंनी मला बाहेरच्या खोलीत बसवले. पस्तिशीची बाई, डोळ्यांखाली काळे. "तुम्ही माझी झडती घ्यायला आलात का?"

"नाही. विचारायला आलो. घेतलीत का?"

"नाही घेतली. पण हात गेला होता. खण उघडा होता, कॅसेट समोर होती. मनात आलं, उचलावी आणि मुठेत फेकून द्यावी."

"का? तुम्हाला तर ती ऐकवायची होती."

त्या ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "कारण मला भीती वाटत होती की ती बाई खरं बोलली असेल. आम्ही पुण्यात आलो तेव्हा मी सहा वर्षांची होते. समुद्राबद्दल अब्बा अक्षर बोलत नाहीत. पुस्तक निघालं तेव्हा मी धीर करून विचारलं, अब्बा, त्या दिवशी भांग होती का? तर त्यांनी जे उत्तर दिलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही."

"काय दिलं?"

"तुम्हीच विचारा."

मी आत गेलो. पण त्याआधी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना त्यांना रडू आले. पुस्तक निघाल्यावर वर्षभराने तुळजाबाई स्वतः पुण्याला आली होती. एसटीने, घाट चढून, आयुष्यात पहिल्यांदा. विचारत विचारत कसबा पेठेत पोचली आणि या जिन्यावर बसली. पडाव उलटला तेव्हा दादामियाँनी तिला केसाला धरून पाण्याबाहेर काढले होते. तिला काढली तोवर अमीन दिसेनासा झाला होता.

"जिला मुलाआधी वाचवली, तिने आपल्याला दारुडा-भंगड ठरवलं, हे अब्बांच्या जिव्हारी लागलं होतं," नसीमबानू म्हणाल्या. "त्यांनी दार उघडू दिलं नाही. ती दिवसभर हाका मारत होती. शेवटी आमसुलांची पुडी उंबऱ्याशी ठेवून गेली. अब्बांनी ती पण रस्त्यावर टाकायला लावली. त्याच पावसाळ्यात ती वारल्याचं कळलं."

मी खाटेपाशी बसलो. "दादामियाँ, त्या रामनवमीला भांग घेतली होती का तुम्ही?"

म्हाताऱ्याने मान वळवली नाही. तो एकच वाक्य बोलला.

"रामनवमीला भांगच असतो. दर साली."

दारात उभ्या नसीमबानूंनी तोंडावर ओढणी घेतली. हेच ते उत्तर होते.

४

दर रामनवमीला भांग! मी बोळातून बाहेर आलो तो मनातून खचून. एका गरीब बाईला चोरीतून सोडवायला गेलो आणि तिच्या बापाचा कबुलीजबाब घेऊन आलो. अशा वेळी आपण हा धंदा का केला असे वाटते.

चपलेत शिरलेल्या खड्यासारखे ते वाक्य मात्र टोचत राहिले. भांग असतो. असतो? म्हातारा अशिक्षित असेल, पण आपल्या बोलीत कोणी लिंग चुकत नाही. आई कधी कुणाच्या तोंडी 'आला' म्हणून येत नाही. तो 'असतो' म्हणाला, आणि तुळजाबाई 'भांगात' म्हणाली होती. एकाच गावची दोन माणसे, वर्षानुवर्षे एकमेकांशी न बोललेली, एका शब्दाचे लिंग सारखेच चुकतात? की ती चुकतच नव्हती, आणि हा शब्दच वेगळा होता?

रामनवमी. नवमी म्हणजे चंद्र अर्धा. दर साली रामनवमीला न चुकता असतो, असे काय असते? पिणारा माणूस तिथी बघून पीत नाही. तिथी बघून वागतो तो समुद्र.

मी पाय उचलले ते थेट सदाशिव पेठेकडे. वाटेत बायडाबाईच्या चिमटीतले ते स्क्रू आठवले आणि स्वतःचीच लाज वाटली. कॅसेटच्या कवचाला बारीक स्क्रू असतात. प्लॅस्टिक जळते, फीत जळते, स्क्रू राखेत उरतात. कॅसेट या घराबाहेर गेलीच नव्हती.

घैसास आत झोपले होते. श्यामलावहिनी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या.

"वहिनी, बंब कोण पेटवतं तुमच्याकडे?"

"मीच. पहाटे. यांना पुस्तकं लिहिता येतात, बंब पेटवता येत नाही."

"बायडाबाई?"

"ती येते तोवर अंघोळी झालेल्या असतात."

मी पाटावर बसलो. "आणखी एक विचारायचं होतं. तुमच्या माहेरी, बंदरावर, रामनवमीला भांग असते की असतो?"

त्यांचा तांदळातला हात थांबला. मान वर झाली नाही.

"असतो," त्या म्हणाल्या.

५

मग त्यांनीच सांगितले. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भरती आली तरी पाणी पुरते चढत नाही, त्या मंद पाण्याला किनाऱ्यावर भांग म्हणतात. शिरतरच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा. एरवी भरतीला पडाव त्याच्यावरून तरंगत जायचा. भांगात भरलेला पडाव नेला की वाळूत बसणार आणि मागची लाट त्याला आडवा करणार. म्हणून तांडेल नको म्हणत होता. बोट थांबायला तयार नव्हती, धक्क्यावर यात्रेकरू ओरडत होते, एजंटाने त्याला घरातून ओढून आणला. तांडेल भांगात निघाला. दुसरे काय होणार?

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"पुस्तक छापून आलं त्याच दिवशी. मी यांना म्हटलं, अहो, हा भांग म्हणजे पाणी असेल. यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. म्हणाले, स्वयंपाकघरातून इतिहास लिहीत नसतात. मी पुन्हा बोलले नाही. कॅसेट आहे म्हणून मनाला समजावत होते, की कधीतरी कोणीतरी ऐकेल. आणि खरंच ऐकायची वेळ आली तेव्हा..." त्यांनी तांदूळ बाजूला सारले. "तो म्हातारा इथे बसून ऐकणार आणि सगळ्यांसमोर यांना सांगणार, की तुम्ही आयुष्यभर भाषा शिकवलीत ती अशी. डॉक्टरांनी सांगितलंय, तिसरा झटका झेपणार नाही. भाऊजी, माझा नवरा आहे हो तो."

"आणि नसीमबानू? तिच्यावर आळ येईल हे कळत नव्हतं?"

"ते मनात आलंच नाही. आलं तेव्हा जळून गेली होती."

"काय जळून गेलं?" दारात घैसास उभे होते.

मला हे टाळायचे होते, पण श्यामलावहिनींनी टाळले नाही. उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कॅसेट. मी जाळली. त्या बाईने काही घेतलेलं नाही."

घैसासांना झटका वगैरे काही आला नाही. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मी म्हणालो, "तुमच्या कपाटात शब्दकोश आहे. भांग बघा. पुल्लिंगी."

ते गेले, जाड कोश काढला, उभ्यानेच वाचला. पान बराच वेळ उघडे होते. मग त्यांनी कोश मिटून जागच्या जागी ठेवला आणि त्याच्या पाठीवरची धूळ झटकली.

"अर्थ दिलेला आहे," ते म्हणाले. "पण बाई त्याच अर्थाने बोलली, याला आता पुरावा काय?"

"तुम्हीच मला सांगितलंत ती 'भांगात' म्हणाली म्हणून!"

"आठवणीवर मी इतिहास लिहीत नाही. कॅसेट असती तर गोष्ट वेगळी. जे छापलंय ते उरलं आहे, आणि त्याला आधार नाही असं म्हणायलाही आधार नाही. शाळेत मी जाणार नाही. चोरीचा आरोप मागे. याउपर आपण मला काही विचारू नये."

मी श्यामलावहिनींकडे पाहिले. नवऱ्याला वाचवण्यासाठी त्यांनी जे केले, त्याच्यामागे आता तो स्वतः लपत होता. त्या खाली बसल्या आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. मला त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही, नुसते वाईट वाटले.

रामनवमीला प्रकाशन झाले. सत्कार झाला, नारळ आणि शाल. मी मागे उभा राहून दुसरी आवृत्ती चाळली. ते पान तसेच होते. 'भांगेत'.

६

मंडळातून मी तसाच कसबा पेठेत गेलो. निदान त्या दोघांना खरे कळावे, एवढे माझ्या हातात होते. मला वाटले होते, म्हाताऱ्याच्या छातीवरचा दगड उतरेल. इतकी वर्षे पोलिसात काढूनही माणूस असले काहीतरी वाटून घेतोच.

खाटेशी बसून मी सगळे सांगितले. नसीमबानू ऐकता ऐकता बापाचे पाय धरून रडू लागल्या. "अब्बा, मी पण तुमच्यावर शक घेतला. मला माफ करा. तुम्ही एवढं सांगत होतात आणि मला कळलं नाही."

दादामियाँनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण त्याचे लक्ष माझ्याकडे होते. त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिले.

"तुळजी काय बोल्ली? परत सांगा."

"'तो नाय म्हणत होता. एजंटाने त्याला घरातनं काढला. तांडेल भांगात निघाला. दुसरं काय होणार?'"

"असंच बोल्ली? भांगात?"

"असंच. पुस्तकवाल्याने तिचा शब्द बदलला."

"म्हंजे ती खोटं नाय बोल्ली."

"नाही. ती तुमच्याच बाजूने बोलली होती."

म्हातारा पुन्हा समोरच्या भिंतीकडे बघू लागला. त्याचे ते मोठे हात गोधडीवर काहीतरी शोधत होते. मला वाटले रडेल, पण नाही रडला.

"हितं जिन्यावर बसली होती," तो म्हणाला. "दिवसभर. तांडेला, दार उघड, म्हनत होती. तांडेला, एक डाव ऐक." मग त्याने विचारले, "काय सांगायला आली असंल ती?"

आम्हा दोघांनाही उत्तर माहीत होते आणि त्यालाही. खाली बोळातून कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"तिला काढली, आन् अमीन गेला," तो म्हणाला. अमीनचे नाव त्याच्या तोंडून आपण पहिल्यांदाच ऐकले, असे नसीमबानूंनी मला नंतर सांगितले. "आन् तिला बी मी जिन्यावरनं घालवली."

मी उठलो. थांबून काही उपयोग नव्हता. जिन्याशी पोचलो तेव्हा आतून त्याचा आवाज आला, एकदम खणखणीत, पाण्यावर माणसे हाक मारतात तसा.

"नसीम, दार उघड."

"उघडंच आहे, अब्बा," ती म्हणाली.

"उघड गो. कोन आलंय बघ."

मी जिन्यावर बाजूला झालो. नसीमबानू उंबऱ्यापर्यंत आल्या, रिकाम्या पायऱ्यांकडे बघून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि आत गेल्या.